तेवीस मावळे, बादशहाचे

वेल्ह्यातून तोरण्याची सोंड चढायला लागलं की पहिला तासभर कुणी फारसं बोलत नाही. उन्हाळा असेल तर घशाला कोरड पडते आणि पावसाळा असेल तर पायाखालच्या चिकणमातीकडंच सगळं लक्ष. शेवटी कातळाचा टप्पा येतो. तिथं लोखंडी कठडे ठोकलेत, ते धरून वर सरकायचं, की समोर बिनी दरवाजा. आत शिरून सावलीला टेकलं की लोकांना वाचा फुटते. गप्पा ठरलेल्या असतात: स्वराज्याचं तोरण, शिवरायांनी घेतलेला पहिला किल्ला, इथं सापडलेले धनाचे हंडे, त्या धनातून समोर उभा राहिलेला राजगड. चौथीच्या पुस्तकात वाचलेलं सगळ्यांना पाठ असतं. पुस्तकातला तोरणा 1646-47 च्या सुमाराला हाती येतो आणि तिथंच संपतो.

तोरण्याची दुसरी मोठी रात्र त्यानंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी आली, 10 मार्च 1704 ला. तिच्याबद्दल गडावर कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. कारण उघड आहे. त्या रात्री गड पडला, आणि तो पाडायला अंधारात पहिल्यांदा कडा चढले ते मावळेच होते. तेवीस मावळे, औरंगजेबाच्या नोकरीतले.

ही गोष्ट नीट सांगायची तर गड म्हणजे काय हे आधी पाहायला हवं. भक्तीच्या नजरेनं पाहिलं की देऊळ आणि सिंहासन दिसतं, मुख्य गोष्ट निसटते. गड म्हणजे लष्करी तळ. दुसऱ्या महायुद्धात पुण्याच्या मैदानात लोहगावचा हवाई तळ झाला. वेल्ह्याच्या घड्यांत धावपट्टीपुरती सपाटी कुठून मिळायची! इथला तळ डोंगराच्या माथ्यावरच असणार. पाण्याची टाकी, धान्याचं आणि दारूचं कोठार, शिबंदीची घरं, तटात जंग्या, दरवाज्याशी पहाऱ्याच्या देवड्या. राजगडाच्या संजीवनी माचीवर गेलात तर दुहेरी तटाच्या मधल्या अरुंद बोळातून चालून बघा. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच जागा. त्याच तटात पहारेकऱ्यांसाठी शौचकूप बांधलेत. पहाऱ्यावरच्या माणसानं जागा सोडायची नाही, एवढा बारीक विचार करणाऱ्यांनी हा तळ उभा केला.

पण तळ दगडाचा असला तरी चालतो माणसांवर. ती माणसं खालच्या खोऱ्यांतली. भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन तालुके म्हणजे तेव्हाच्या मावळांचा गाभा: रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, कानद खोऱ्यात मरळ. हे देशमुख आपापल्या खोऱ्याचे जवळजवळ धनी होते. त्यांच्या शब्दावर गावची पोरं ढाल-तलवार घेऊन बाहेर पडत. आणि सगळे देशमुख एका बाजूला कधीच नव्हते. 1659 मध्ये अफजलखान आला तेव्हा कारीचे कान्होजी जेधे शिवाजी महाराजांबरोबर उभे राहिले, तर जवळच्याच उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. दोन्ही गावं आज भोर तालुक्यात, आणि दोन्ही घरांना काळजी वतनाचीच.

मोगलांचं ओझं या खोऱ्यांनी 1704 च्या आधीही सोसलं होतं. 1665 च्या एप्रिलमध्ये मिर्झाराजा जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसला होता. त्यानं दाऊदखान कुरेशीला रोहिडा आणि राजगडाच्या मुलखात सोडलं. हुकूम गड घेण्याचा नव्हता, गावं जाळण्याचा होता. एकट्या रोहिड्याच्या आसपास पन्नासेक गावं जाळल्याचा मजकूर मोगलांच्याच कागदांत आहे. फौज राजगडाजवळ आली, वरून तोफा सुटल्या, आणि ती माघारी फिरली. पुढं जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा ठेवले, त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. त्या जोडीची किंमत महाराजांना ठाऊक होती.

1689 मध्ये संभाजी महाराजांना मारल्यावर मात्र सगळंच कोसळायला लागलं. रायगड गेला, राजगड गेला, तोरणा गेला. राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. मागं मुलूख सांभाळायला जी माणसं उरली त्यांत दोन नावं मोठी: हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य आणि राजाज्ञा शंकराजी नारायण, पुढचे पंत सचिव. भोरच्या इतिहासाचं मूळ या शंकराजींपाशी आहे. त्यांनी काय केलं? तर हिशेब केला. बादशहा देशमुखांना वतनं देतो म्हणतो, मग आपणही द्यायची. 1690 मध्ये राजाराम महाराजांनी बाजी सर्जेराव जेध्यांना पत्र धाडलं: कर्नाटकात चाळीस हजार घोडा आणि सव्वा लाख पायदळ जमलं आहे, तुम्ही मावळातली माणसं गोळा करा. शिवाजी महाराजांनी वतनदारीला आवर घातला होता, तो आता सुटला. इतिहासकार याबद्दल नाकं मुरडतात. पण तिजोरी रिकामी, राजा सहा-सातशे मैल लांब, आणि शत्रू दारात. अशा वेळी दुसरं काय देता आलं असतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पुढं शंकराजींनी राजगड परत घेतला, तोरणाही आला.

इकडं बादशहा थकला नव्हता. 1699 च्या ऑक्टोबरमध्ये भीमेकाठच्या ब्रह्मपुरीची छावणी मोडून औरंगजेब स्वतः गड घ्यायला निघाला, तेव्हा त्यानं ऐंशी ओलांडली होती. सेनापती पैसे खातात, शत्रूशी आतून बोलतात, म्हणून आपणच जायचं असं त्यानं ठरवलं. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड असं एकेक होत गेलं. पण कसं? महिनोन्‌महिने मोर्चे लावायचे, सुरुंग उडवायचे, माणसं मारून घ्यायची, आणि शेवटी किल्लेदाराशी बोलणं लावून रोख रक्कम मोजायची. विशाळगडासाठी दोन लाख रुपये गेले. किल्लेदार आपली माणसं आणि सामान घेऊन उतरायचा, पैसा मराठ्यांच्या फौजेच्या कामी यायचा, आणि बादशहाची पाठ वळली की तोच गड परत घ्यायची तयारी सुरू व्हायची. असा धंदा मराठ्यांना परवडणारा होता.

बादशहाला तो कसा परवडत नव्हता, हे पावसानं दाखवलं. 1702 च्या जूनमध्ये विशाळगडाहून पन्हाळ्याकडं परतताना तीस मैलांना अडतीस दिवस लागले. ओढे फुगले, उंट-बैल मेले, तंबू वाहून गेले. पुढं सिंहगड 1703 च्या एप्रिलमध्ये मिळाला, तोही पैसे मोजूनच. मग पावसाळा काढायला बादशहा पुण्यात राहिला. तिथं त्याचा एक नातू वारला, त्याच्या नावावरून पुण्याचं नाव मुहियाबाद ठेवलं. त्या दोन वर्षांत दख्खनात दुष्काळ आणि रोगराई होती. वीस लाखांवर माणसं गेली असं निकोलाव मनुचीनं लिहिलं आहे. आकड्यावर वाद घालता येईल, पण मोगलांच्या नोकरीत शिरलेल्या मावळ्याकडं पाहताना हे साल विसरून चालत नाही. ज्याच्या खाचरात भात पिकलं नाही, त्याला पगार कुणाच्या शिक्क्याचा आहे हे विचारायची चैन नव्हती.

दिवाळी उलटली आणि छावणी राजगडाकडं हलली. सिंहगडापासून राजगड सरळ रेषेत जवळ दिसतो, सिंहगडावरून बोट करून दाखवता येतो. पण मधे डोंगराची धार आहे. एवढी मोठी छावणी, तोफा, हत्ती, बाजार-बुणगे तिथून न्यायचं म्हणजे आधी बेलदार-कामाठ्यांनी वाट फोडायची, मग बैल जुंपून, माणसं लावून तोफा ओढायच्या. 2 डिसेंबर 1703 ला वेढा बसला. वेढा म्हणायचं एवढंच. बादशहाचा चरित्रकार साकी मुस्तैदखान या डोंगराचा घेर बारा कोसांचा सांगतो. राजगडावर एकदा उभं राहिलं की त्याचं म्हणणं पटतं. मध्ये बालेकिल्ला, आणि तीन बाजूंना तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. एका माचीसमोर मोर्चा लावला तर दुसरी दिसतसुद्धा नाही. खाली रान, कारवीची दाटी. कुठून दाणा-गोटा वर जातो आणि कुठून माणूस खाली येतो, कोण पाहणार?

तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान आणि हमीदुद्दीनखान यांनी दोन महिने झुंज दिली. 6 फेब्रुवारी 1704 ला मोगल पहिल्या दरवाज्याच्या तटावर चढले. एखादा साधा गड असता तर तिथंच संपलं असतं. पण राजगड बांधणाऱ्यानं माची गेली तरी गड जाऊ नये अशी सोय केली होती. शिबंदी बालेकिल्ल्यात सरकली. पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याकडं बघा: उभा कातळ, कोरलेल्या पायऱ्या, आणि वर तोंड आवळून बसलेला महादरवाजा. आज साखळ्या-कठडे धरूनही चढताना मागं बघवत नाही. वरून दगड लोटायला चार माणसं पुरेत. आणखी दहा दिवस बालेकिल्ला लढला. 16 फेब्रुवारीला फिरंगजी आणि हमनजी या किल्लेदारांनी गडावर बादशाही निशाण चढवलं आणि रात्रीतून निघून गेले. ज्या गडावर सईबाई वारल्या, ज्या गडावर राजारामांचा जन्म झाला, सव्वीसेक वर्षं जो राजधानी होता, त्याचं नाव नबीशाहगड झालं.

आठवड्याभरात, 23 फेब्रुवारीला, मोर्चे तोरण्याला लागले.

तोरणा उंचीला जास्त आहे, 1,403 मीटर, पुणे जिल्ह्यात त्याच्यापेक्षा उंच गड नाही. शिवाजी महाराजांनी त्याचा विस्तार पाहून प्रचंडगड नाव ठेवलं ते उगीच नाही. एका अंगाला झुंजार माची, दुसऱ्या अंगाला बुधला माची, मधे मेंगाईचं देऊळ आणि टाकी. झुंजार माचीवर उतरायचं तर आजही दोर किंवा शिडीचा आधार लागतो. पण प्रचंड असणं हीच तोरण्याची दुखरी बाजू. एवढ्या लांब तटावर, एवढ्या कड्यांवर पहारा ठेवायचा तर शिबंदी दांडगी हवी. राजगड नुकताच हातचा गेलेला, समोरच्या डोंगरावर रोज रात्री मोगलांच्या मशाली दिसत असणार. पहाऱ्यावरच्या माणसाला झोप येत नसेल, पण प्रत्येक कड्यावर माणूस नसेल, एवढं नक्की.

10 मार्चची रात्र. अमानुल्लाखान नावाचा मोगल सरदार दोराच्या शिड्या घेऊन गडाखाली आला. बरोबर फक्त तेवीस मावळी पायदळ. तोफखाना मागं राहिला, सुरुंग मागं राहिले, जी यंत्रणा सिंहगडापासून वाट फोडत आणली होती ती सगळी मागं राहिली. कातळाच्या फटीत हात घालून, पायाचं बोट रोवून, आवाज न करता चढायचं काम दिल्लीकडच्या घोडेस्वाराचं नव्हतंच. ते ज्यांचं होतं त्यांनीच केलं. 1670 मध्ये सिंहगडावर तानाजींची माणसं अशीच चढली होती, 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा असाच घेतला होता. तीच विद्या, तेच दोर, बहुधा तीच गावं. फक्त पगार देणारा वेगळा.

वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकले आणि तुटून पडले. अंधारात कर्ण्यांचा आवाज चारी कड्यांवर आदळला की आत तेवीस आहेत की तेवीसशे, हे कसं कळणार? गोंधळाचा फायदा घेऊन मागची मोगल माणसं शिड्यांवरून वर आली, हमीदुद्दीनखानही त्यांच्या मागोमाग आला. ज्यांनी तलवार धरली ते कापले गेले, उरलेल्यांनी अभय मागितलं. सकाळी गडाचं नाव बदललं: फुतूह-उल-गैब, अदृष्टातून आलेला विजय. नाव ठेवणाऱ्याच्या मनात ईश्वरी कृपा असणार. पण रोकड न मोजता, केवळ चढाई करून जिंकलेला औरंगजेबाच्या त्या मोहिमेतला हा एकच गड, असं इतिहासकार जदुनाथ सरकार सांगतात. तेव्हा गैब म्हणजे मावळ असं कुणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही.

या विजयाचं बादशहानं काय केलं? फारसं काही करता आलं नाही. तो पंच्याऐंशी वर्षांचा झाला होता. पावसाळा जवळ आला म्हणून छावणी खेडला गेली. आणि ज्या महिन्यांत बादशहा जातीनं राजगडाच्या पायथ्याशी अडकून होता, त्याच सुमारास नेमाजी शिंदे वऱ्हाडात मोगलांना हरवून नर्मदा ओलांडत होते, माळव्यात सिरोंजपर्यंत धडक मारत होते. म्हणजे बादशहा वेल्ह्यात आणि मराठे माळव्यात. त्या एका वर्षाचा नकाशा समोर ठेवला तर पुढच्या पन्नास वर्षांचं चित्र त्यात आधीच उमटलेलं दिसतं. 1705 मध्ये वाकिनखेडा हे शेवटचं ठाणं घेऊन बादशहा आजारी पडला. 1706 च्या आरंभी अहमदनगरला आला आणि पुढच्या वर्षी तिथंच भिंगारच्या छावणीत वारला. तो गेल्यावर राजगड परत मराठ्यांकडं आला, त्या चढाईत गुणाजी सावंतांचं नाव येतं. तोरण्यावर नागोजी कोकाट्यांनी माणसं चढवली. नबीशाहगड आणि फुतूह-उल-गैब ही नावं तीन-चार वर्षंच टिकली. कारभाराच्या दप्तरांतून ती लोकांच्या तोंडी पोचली होती की नाही, याचीच शंका.

शंकराजी नारायणांनी आयुष्यभर हे गड घालवले, मिळवले, परत घालवले, परत मिळवले. त्यांचा शेवट मात्र मोगलांमुळं झाला नाही. 1707 मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादी कुणाची, हा प्रश्न उभा राहिला. राजाराम महाराजांच्या विधवा राणी ताराबाईंनी आपल्या माणसांकडून दूधभाताच्या शपथा घेतल्या होत्या. शाहूंनी खेडच्या लढाईत सरशी केल्यावर शंकराजींकडं किल्ले मागितले. शपथ मोडायची की थोरल्या घराण्याच्या वारसाविरुद्ध हत्यार धरायचं? भोरजवळ आंबवड्याला त्यांनी स्वतःच जीव दिला. आंबवड्यात नागेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे, तिथं जायला झुलता पूल आहे. सुट्टीच्या दिवशी पोरं त्या पुलावर उड्या मारताना दिसतात. शाहूंनी सचिवपद शंकराजींच्या कोवळ्या मुलाला, नारो शंकरना दिलं, आणि त्यातून भोरचं संस्थान उभं राहिलं. ते 1948 च्या मार्चमध्ये विलीन होईपर्यंत राजगड आणि तोरणा पंत सचिवांकडंच होते.

संस्थानाच्या काळात गडांवर शत्रू यायचा बंद झाला आणि तळ म्हणून त्यांचं काम संपलं. वाडे पडले, तुळया खाली गेल्या, टाक्यांत गाळ साचला. दरवाज्यांचं लाकूड कुठं गेलं हे विचारू नये. पण नावं राहिली. भोर संस्थानात तालुक्यांना गडांची नावं होती: प्रचंडगड, विचित्रगड, सुधागड. सुधागड तालुका अजून रायगड जिल्ह्यात आहे. वेल्ह्याचं मात्र प्रचंडगड पुसून वेल्हे झालं, आणि आता सरकारनं त्याला राजगड हे नाव दिलं आहे. नावं बदलण्याच्या बाबतीत आपण बादशहापेक्षा फार मागं नाही. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे. तोरणा त्या यादीत नाही.

तोरण्याच्या तटावरून संध्याकाळी राजगड बघायचा असेल तर उन्हं कलायच्या आत बुधल्याकडं जावं. समोर सुवेळा माचीच्या कातळातलं नेढं, तो आरपार भोसका, दिसतोय का ते शोधावं. उजेड गेला की खालच्या कानद खोऱ्यात वाड्या-वस्त्यांचे दिवे लागतात. त्याच वस्त्यांतून गडाची शिबंदी यायची, आणि त्या रात्री दोराला लोंबकळलेले मावळेही याच किंवा शेजारच्या खोऱ्यांतले असणार. अमानुल्लाखानाचं नाव इतिहासात राहिलं. बाकीच्यांचा तेवीस हा आकडा राहिला. गड उतरताना कठड्याला हात लावला की मला नेहमी वाटतं, त्यांच्यातला एखादा तरी आधी वरच्या शिबंदीत असणार. नाहीतर अंधारात नेमकी फट कुठं आहे, हे त्याला कसं ठाऊक?